बारवेत सोडलेले मासे

मादीच्या तोंडात अंडी असली की मासळीमास्तर दुपारचं जेवत नसत. प्रयोगशाळेच्या खिडकीशी त्यांची काचेची टाकी होती आणि तिच्याशेजारच्या बाकावर बसून डबा खायची त्यांची रोजची रीत. पण मादीचा गळा फुगलेला दिसला की डबा न उघडताच पिशवीत जायचा. ती वीस-बावीस दिवस काही खात नाही, तोंडात पोरं सांभाळते, तिच्यासमोर आपण भाकरी मोडणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग शेजारच्या खोलीत जाऊन जेवा, असं मी एकदा सुचवलं. त्यावर ते म्हणाले, "तिला दिसणार न्हाय हो. पर मला तर म्हाईत ऱ्हाईल ना."

परंडा तालुक्यातल्या त्या गावी मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. मासळीमास्तरांनी त्या शाळेत वीस वर्षं उर्दूतून विज्ञान शिकवलं होतं. शाळा मराठी झाली, तेव्हा पन्नाशीतला हा माणूस तिसरीचं वाचनाचं पुस्तक घेऊन पोरांच्या बाकावर बसला. मराठी आलं, पण त्यातला 'तो, ती, ते'चा घोळ शेवटपर्यंत सुटला नाही. "पाणी आली," असं ते म्हणत, पोरं हसत, आणि पोरांबरोबर तेही हसत. पुढं वर्ग माझ्याकडं आले आणि त्यांच्याकडं चित्रकला आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या राहिल्या. मला त्याचा संकोच वाटायचा. त्यांनी तो कधी वाटू दिला नाही. मला ते 'बरखुरदार' म्हणत, म्हणजे बेटा, आणि तरी 'अहो-जाहो' करत. जुनी माणसं त्यांना मास्टरसाब म्हणत, पोरं मासळीमास्तर.

टाकी त्यांनी स्वतः केली होती. लोहाराकडून पट्ट्यांची चौकट करून घेतली, शाळेच्या मोडक्या कपाटाच्या काचा बसवल्या आणि खडूची पूड जवसाच्या तेलात मळून त्या लांबीनं सांधे बुजवले. तीन वेळा गळली. चौथ्यांदा गळली नाही, तेव्हा आठ दिवस नुसतं पाणी भरून ते तिच्यासमोर बसले. ताजं पाणी टाकीत कधी जात नसे, दोन दिवस रांजणात निवलेलंच जायचं. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. वाळू सात पाण्यांतून धुतलेली. थंडीत ही मासळी गारठून मरते, म्हणून दिवस मावळायच्या आत टाकीवर घोंगडं पडायचं आणि सकाळी उन्हाबरोबर निघायचं. शेंगदाण्याची पेंड चिमटीनं मोजून द्यायचे. जास्त घातली तर पाणी सडतं आणि मासळी स्वतःच्या घासानं मरते, हे त्यांनी मला मासे आल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

मासे आले ते मी रुजू झाल्यानंतरच्या दिवाळीत. त्यांचा एक भाचा दक्षिणेत मत्स्यशेतीच्या तळ्यावर नोकरीला होता. त्यानं डब्यातून सहा मासे कुर्डूवाडीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं मोटारीनं आणले. मूळची आफ्रिकेतली ही जात, तिलापिया. गावानं महिन्याभरात तिची चिलापी केली. आधी ते मासे राखाडी, मळकट, आपल्या ओढ्यातल्या माशांसारखेच दिसले. मग एका आठवड्यात त्यांतला एक नर काळाकुट्ट झाला, त्याची हनुवटी पांढरी पडली, परांच्या कडा लाल झाल्या. तोंडानं वाळू उचलून उचलून त्यानं थाळीएवढा खड्डा केला आणि बाकीच्यांना कोपऱ्यात रेटलं. मादी आली, खड्ड्यात अंडी घातली, आणि लगेच वळून सगळी तोंडात उचलली. मास्टरसाब एवढे शांत उभे होते की मला वाटलं त्यांना बरं नाही. तीन आठवड्यांनी तिनं तोंड उघडलं आणि पिल्लांचा पुंजका धुरासारखा बाहेर आला. त्यांनी काचेवर बोटाची सावली धरली मात्र, पिल्लं परत तिच्या तोंडात शिरली. तिनं तोंड मिटलं, जणू काही झालंच नाही.

"सबर," हा त्यांचा शब्द. लांबी सुकेपर्यंत सबर, पाणी निवेपर्यंत सबर. मला तेविसावं वर्ष होतं आणि तो शब्द ऐकला की माझ्या पायाला मुंग्या यायच्या.

गावाला पिण्याचं पाणी बारवेचं. पायऱ्यांनी खाली उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरायची. त्यामुळं उन्हाळा आला की घरोघर नारू निघायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात मलाही निघाला. आधी ताप, मग घोट्यावर फोड, मग त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत. मी खोलीवर एकटा होतो. मास्टरसाब रोज सकाळी यायचे, बारीक काडीवर तो जंत बोटाच्या पेराएवढा गुंडाळायचे आणि कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायचे. ओढला तर तुटतो आणि पाय सुजून माणूस कायमचा लंगडा होतो. ते स्वतः तसेच लंगडत होते. सत्तावीस दिवस ते आले. मी उठून चालू लागलो तो त्यांच्या हातांमुळं.

पाय बरा होत असतानाच त्यांनी मला तो प्रयोग दाखवला. बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि वर भिंग धरलं. पांढऱ्या कणांसारखे किडे पाण्यात टुणटुण उडत होते. नारूचं बी यांच्या पोटात असतं, ते पाण्याबरोबर आपल्या पोटात जातं, असं त्यांनी सांगितलं. मग चिलापीची चार पिल्लं त्या पेल्यात सोडली. आमचा चहा होईपर्यंत पेला निवळ झाला होता.

मी लगेच म्हणालो, हे मासे बारवेत सोडू. ते नको म्हणाले. कारण विचारल्यावर मला शाळेमागच्या सिमेंटच्या हौदाकडं घेऊन गेले. माघात त्यांनी त्यात पंधरा-वीस पिल्लं टाकली होती. आता पावसाळा तोंडावर होता आणि हौद वळवळत होता. शेकडो मासे, पण बोटापेक्षा मोठा एकही नव्हता, आणि त्या बोटाएवढ्या माद्यांचेही गळे फुगलेले होते.

"जागा कमी पडली की ही अंगानं वाढत न्हाय," ते म्हणाले. "नुसती पोरं वाढवते. टाकीत म्या रोज बघतो, रोज काढतो. बारवेत कोण काढणार? दोन साल सबर करा, बरखुरदार. आपल्या ओढ्यातली मासळी हे किडे खाते का, ते आधी बघू."

मी ऐकलं नाही. बारव म्हणजे हौद नव्हे, ती खोल आहे, असं मी म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात आणखी वीस घरांत माणसं खाटेला खिळतील, त्याचं काय, असं विचारलं. आठ दिवस मी त्यांच्या मागं लागलो होतो. शेवटच्या दिवशी मी माझा पाय बाकावर ठेवून पट्टी सोडली आणि ती जखम त्यांना दाखवली. जी त्यांनीच भरून आणली होती, तीच. त्यांनी वाकून ती पट्टी परत बांधली. मग म्हणाले की दर महिन्याला जाळं टाकून मासे कमी करायचे, हे मी कबूल केलं तरच. मी कबूल केलं.

पाटलांची परवानगी मागायला आम्ही दोघं गेलो, पण बोलले तेच. मी बाहेरगावचा, पोरसवदा, माझं गाव ऐकणार नाही, त्यांचं ऐकेल, असं त्यांनी वाटेत मला सांगितलं होतं. पाटील तेव्हा साठीचे होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला. श्रावणात आम्ही चाळीस मासे बारवेत सोडले. मास्टरसाबांनी घागर पाण्यात आडवी धरली आणि एकेक मासा आपण होऊन बाहेर जाईपर्यंत ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

पहिलं वर्ष आम्ही जाळं टाकलं. मग काही घरांनी हरकत घेतली. बारवेच्या कोनाड्यात देवी आहे, तिच्यासमोर मासे धरू नयेत. त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. देवीच्या गोष्टीत आपण बोलणं बरं नाही, म्हणून मास्टरसाबांनी मलाच पाटलांकडं जाऊन समजावायला सांगितलं. त्याच महिन्यात बार्शीला माझं लग्न ठरलं, मी सुटीवर गेलो, आणि परत आल्यावर तो विषय काढायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे मी राहू दिला.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस नीट झाला नाही. फाल्गुनातच बारवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. पाणी हिरवं, दाट झालं आणि घागर बुडवली की हाताला मासे लागायचे. बायका आधी हसायच्या, मग कुरकुरायला लागल्या. आणि त्या उन्हाळ्यात गावात एकालाही नारू निघाला नाही. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. जो रोग होत नाही त्याची आठवण कोण काढतो?

वैशाखातल्या एका सकाळी मास्टरसाब धापा टाकत शाळेत आले. बारवेतले सगळे मासे पाण्यावर तोंड काढून हवा पीत होते. "त्यांना श्वास पुरत न्हाय," ते म्हणाले. "आज-उद्या मरतील. लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा, न्हायतर भरूच नका म्हणावं." आम्ही दोघं घरोघर फिरलो. पण दुसरं पाणी दीड कोसावर होतं, आणि उकळायला एवढं सरपण कुणाकडं होतं? तिसऱ्या दिवशी बारव पांढरी झाली. काठापासून काठापर्यंत पोटं वर आलेले मासे. टोपल्यांनी काढले तरी संपेनात. वास वेशीपर्यंत येत होता.

त्या आठवड्यात नऊ घरांत हगवण-उलटी सुरू झाली. परंड्याहून डॉक्टर आले, सलाईन लावली, बारवेत औषध टाकलं. सगळे वाचले, एक सोडून. वेशीजवळच्या रखमाजीची गोदा, माझ्या शाळेत दुसरीत होती. ती त्या पाण्यानंच गेली का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तशी हगवण दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं होतीच. पण त्या उन्हाळ्यात गावाला बोट दाखवायला कारण मिळालं होतं.

चावडीवर सगळे जमले. तोपर्यंत कुणी मोठ्यानं काही बोललं नव्हतं, पण दोन दिवस मास्टरसाब रस्त्यानं गेले की ओट्यावरची बोलणी थांबायची. निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शनला बारा वर्षं होऊन गेली होती. त्या दिवसांतलं काहीबाही दोन्हीकडच्या लोकांच्या पोटात होतं, आणि त्याला जागं व्हायला फारसं लागत नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की बारव मुद्दाम बाटवली. पाटलांनी त्याला गप्प बसवलं. रखमाजी भिंतीला टेकून बसला होता.

पाटलांनी मास्टरसाबांना विचारलं, मासे कुणी सोडले.

"म्या सोडले," ते म्हणाले.

पाटील म्हणाले की तुम्ही माशांचं सगळं लिहून ठेवता असं ऐकलंय, ती वही आणा. घर हाकेच्या अंतरावर होतं, पण त्यांना यायला वेळ लागला. वही उर्दूत होती, मला तिच्यातलं अक्षर लागत नव्हतं, पण तारीखवार सगळं टिपायची त्यांची सवय मला माहीत होती. माझं नाव त्यात असणार. पाटील निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांना उर्दू येत होतं. त्यांनी वही घेतली, बराच वेळ पानं उलटली, मिटली, आणि अंगठा धोतराला पुसत परत दिली.

"ह्यात समदं माशांचंच हाय," ते लोकांना म्हणाले.

मी तेव्हा उभं राहायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी समोरच्या खांबाकडं बघत राहिलो. पाटलांनी मास्टरसाबांना अगदी अदबीनं सांगितलं की तुम्ही काही दिवस लेकीकडं गुलबर्ग्याला जा, इथं लोकांची मनं बिथरली आहेत. ते "जी" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी रिकामी केली. एकही मासा कुठल्या पाण्यात जाता कामा नये, म्हणून सगळे बादलीत घेऊन ते शाळेमागच्या माळावर गेले. मी बरोबर होतो. त्यांनी बादली तापल्या मुरमावर ओतली. मासे उडत राहिले. एका मादीनं तडफडताना तोंड उघडलं आणि पिल्लं मातीवर सांडली, ओल्या राळ्याच्या दाण्यांसारखी. मास्टरसाब खाली बसले. त्यांनी हात पुढं केला, मग मागं घेतला. सगळं थांबेपर्यंत ते उठले नाहीत. मग आम्ही चुना टाकून खड्डा बुजवला.

परंड्याला जाणारी बैलगाडी सकाळी आली. सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी. निरोपाला शेजारची दोन-तीन माणसं आणि मी. एक म्हातारी तांब्याभर दूध घेऊन आली होती, तिनं ते त्यांना उभ्यानं प्यायला लावलं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो की मी चावडीवर जाऊन खरं काय ते सांगतो.

ते म्हणाले, "बारवेतला गाळ काढतील तेव्हा तिथं उभे ऱ्हावा. तो उन्हात वाळवायला सांगा. ओला गाळ ओढ्यात टाकू देऊ नका." मग त्यांनी माझ्या घोट्याकडं पाहिलं. "पाय दुखते का अजून?"

नाही, असं मी म्हणालो. गाडी निघाली.

गाळ काढला तेव्हा मी उभा राहिलो, वाळवून घेतला. तेवढं केलं. मग पाऊस आला, बारव भरली, आणि आश्विनात गुलबर्ग्याहून पत्र आलं. ते त्यांच्या जावयाचं होतं. मास्टरसाब भाद्रपदात गेले. महिनाभर अंथरुणाला होते, जेवण सुटलं होतं, एवढंच त्यात होतं.

ते पत्र खिशात घालून मी पाटलांच्या घरी गेलो. ते ओसरीवर सुतळी वळत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मासे सोडायचा हट्ट माझा होता, मास्टरसाब नको म्हणत होते, जाळं माझ्यामुळं थांबलं, चावडीवर मी गप्प बसलो. पाटील सुतळीला पीळ घालत राहिले.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "वहीत हुतं की."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण आतून कुणीतरी डोकावलं.

"लेकरू गेलतं, गुर्जी. लोकांना कुणातरी एकाचं नाव पायजे हुतं. तुमचं सांगितलं असतं तर शाळा बंद पडली असती. ते एकटे, म्हातारे. आणि त्यांचं नाव लोकांनी आधीच धरलं हुतं." त्यांनी सुतळी खाली ठेवली. "तुमचं नाव जितं जितं हुतं, तितं तितं त्यांनी रेघ मारलेली. पर खालचं वाचता येत हुतं. घरी वही आणायला गेले तवाच मारली असणार. शाई वली हुती, माझ्या अंगठ्याला लागली."

त्यांनी आत चहा सांगितला आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो, चहा घेतला. त्या शाळेत मी पुढं एकवीस वर्षं शिकवलं.